पाव फुगतो कसा? यीस्ट, गहू आणि नागपूरचा उन्हाळा

नागपूर शहराच्या दक्षिणेस, वर्धा मार्गालगत, मिहान प्रकल्पाचा परिसर पसरलेला आहे. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची स्थापना झाली आणि त्यानंतर खापरी, शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांच्या शिवारात उद्योग येऊ लागले. ९ मार्च २०२५ रोजी येथे संत्र्यावर प्रक्रिया करणाऱ्या मोठ्या अन्न-उद्यानाचे उद्घाटन झाले. ज्या कुटुंबांची जमीन प्रकल्पात गेली, त्यांच्यापुढे नव्या व्यवसायाचा प्रश्न उभा आहे. ज्यांची जमीन शिल्लक आहे, त्यांना पिकविलेल्या मालाचे मोल वाढविण्याची गरज आहे. अशा कुटुंबांना व महिला बचत गटांना थोड्या भांडवलात सुरू करता येण्याजोगा एक धंदा म्हणजे लहान पावभट्टी होय. कारखान्यांची उपाहारगृहे व रस्त्यावरील टपऱ्या यांना पाव रोज लागतो.

परंतु हा धंदा वाटतो तितका सरळ नाही. जे प्रमाण व जी वेळ डिसेंबरात उत्तम पाव देते, तेच प्रमाण व तीच वेळ मे महिन्यात पाळली, तर उंडा भराभर वर येतो आणि भट्टीत जाण्यापूर्वीच खाली बसतो. पाव आंबट, जड व चपटा निघतो. दहा किलो मैदा, सरपण आणि चार बायकांची सकाळची मेहनत एका खेपेत वाया जाते. असे दोन-तीनदा झाले म्हणजे दोष नशिबाला दिला जातो व भट्टी बंद पडते. वास्तविक दोष नशिबाचा नसून समजुतीचा आहे. पावाचा उंडा ही एक सजीव वस्तू आहे. उभ्या पिकाप्रमाणेच तिला अन्न, पाणी व योग्य ऊब लागते आणि पिकाप्रमाणेच ती अतिउष्णतेने बिघडते, एवढे ध्यानी आले की पुढचा मार्ग सोपा होतो.

यीस्ट म्हणजे काय?

पाव फुगविणारे यीस्ट ही कोणतीही पूड किंवा क्षार नव्हे. ती अळंब्यांच्या वर्गातील एक अतिसूक्ष्म, एकपेशीय वनस्पतीसदृश बुरशी आहे. शास्त्रज्ञ तिला सॅकरोमायसिस सेरेव्हिसी असे म्हणतात. तिची एक पेशी मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या ते दोनशेव्या भागाएवढी असते. ताज्या दाबलेल्या यीस्टच्या एका ग्रॅममध्ये सुमारे एक हजार कोटी पेशी सामावतात. पोषक परिस्थितीत प्रत्येक पेशीस एक कोंब फुटतो, तो वाढून वेगळा होतो आणि एकीच्या दोन पेशी होतात.

यीस्टच्या जाती निसर्गात सर्वत्र आढळतात. संत्र्याच्या सालीवर, मोहाच्या फुलांवर, उसाच्या रसात त्या असतातच. संत्र्याचा रस उघडा राहिला म्हणजे तो फसफसतो, ते अशाच यीस्टचे काम होय. रसाचे नुकसान करणारी ही क्रियाच पावाच्या कामी उपयोगी पडते.

गोव्यात सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गव्हाच्या पावाची चाल आणली. तेव्हा तयार यीस्ट मिळत नसे. तेथील पाववाल्यांनी, ज्यांना पोदेर म्हणतात त्यांनी, माडाची आंबलेली सूर पिठात घालून पाव फुगविला. सुरेतील यीस्ट पिठात जाऊन काम करीत असे, पण ते का होते हे त्या काळी जगात कोणासच ठाऊक नव्हते. हॉलंडमधील लेव्हेनहूक याने १६८० साली सूक्ष्मदर्शकातून यीस्टचे कण पाहिले, पण ते सजीव आहेत हे त्याला उमगले नाही. १८५७ नंतरच्या काही वर्षांत फ्रान्सच्या लुई पाश्चर याने आंबण्याची क्रिया सजीवांमुळे घडते हे प्रयोगांनी दाखविले. १८९७ साली जर्मनीच्या बुखनर याने यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसानेही साखर आंबते हे सिद्ध केले, आणि पेशीतील विकर नावाचे पदार्थ हे काम करतात हे स्पष्ट झाले. या शोधाबद्दल त्यास १९०७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आज बाजारात मिळणारे यीस्ट कारखान्यात वाढविले जाते, आणि त्याचे मुख्य अन्न म्हणजे साखर कारखान्यातून निघणारी मळी होय. मळीच्या पातळ द्रावात भरपूर हवा सोडली की यीस्टची संख्या झपाट्याने वाढते. अशा रीतीने ऊस उत्पादकाचा मालही पावाच्या भट्टीपर्यंत पोहोचतो.

वायू कोठून येतो?

यीस्टला साखर हवी असते. पिठात मुळची साखर फार थोडी असते, परंतु पिष्टाचा साठा मोठा असतो. दळताना पिष्टाचे काही कण फुटतात. पीठ भिजले की गव्हातीलच विकरे या फुटलेल्या कणांवर काम करून त्यांपासून साखर तयार करतात. म्हणून वरून साखर न घालताही उंडा फुगतो. थोडी साखर घातल्यास यीस्टला आरंभीचे अन्न लगेच मिळते, इतकेच.

उंड्याच्या आत हवेचा पुरवठा लवकरच संपतो. हवेवाचून जगण्यासाठी यीस्ट साखरेचे विघटन करून तिच्यापासून मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू बनविते. १८० ग्रॅम ग्लुकोज साखरेपासून ९२ ग्रॅम मद्यार्क व ८८ ग्रॅम वायू मिळतो. वायूचे वजन अल्प दिसले तरी त्याचे आकारमान मोठे असते. उन्हाळी नव्हे, तर साधारण ३० अंश तापमानास एक ग्रॅम साखरेपासून पाव लिटरहून थोडा अधिक वायू निघतो. म्हणजे २०० ग्रॅम साखर यीस्टने पूर्णपणे वापरली तर सुमारे ५५ लिटर वायू तयार होईल. पंधरा लिटरच्या साडेतीन घागरी भरतील एवढा हा वायू आहे.

याचा पडताळा घरी सहज घेता येतो. एका बाटलीत पाव पेला कोमट पाणी घेऊन त्यात एक चमचा साखर व एक चमचा यीस्ट घालावे आणि बाटलीच्या तोंडाला फुगा बांधावा. यीस्ट जिवंत असेल तर तासाभरात फुगा फुगू लागतो. हाच वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडला तर निवळी दुधासारखी पांढरी होते. जुने यीस्ट वापरण्यापूर्वी ही परीक्षा अवश्य करावी. फुगा ढिला राहिला तर ते यीस्ट मेलेले समजावे. त्यावर दहा किलो मैदा खर्ची घालू नये.

वायू धरून ठेवणारा कोण?

ज्वारीच्या पिठात यीस्ट घातले तरीही वायू निर्माण होतो, परंतु ज्वारीचा पाव होत नाही. वायू पिठातून निसटून जातो. गव्हाच्या अंगी जो वेगळा गुण आहे तो त्याच्या प्रथिनांचा. ग्लायडिन व ग्लुटेनिन या दोन प्रथिनांना पाणी मिळाले व ती तिंबली गेली की दोहोंचे मिळून चिवट, ताणणारे जाळे तयार होते. त्यास ग्लूटेन म्हणतात. ग्लायडिनमुळे ते पसरते, तर ग्लुटेनिनमुळे पुन्हा आवळले जाते. दोन्ही गुण असल्यामुळेच उंड्यातील प्रत्येक बुडबुड्याभोवतीचा पडदा फुग्याप्रमाणे वाढतो आणि फुटत नाही.

नागपूर भागातील गृहिणींना हे जाळे नवे नाही. लांब पोळी करणारी बाई सैल भिजविलेली कणीक पुष्कळ वेळ आपटून, तिंबून घेते आणि दोन्ही हातांवर तोलत कोपरापर्यंत ताणून पालथ्या मडक्यावर टाकते. कपड्यासारखी पातळ झालेली ती कणीक फाटत नाही, याचे श्रेय हाताच्या कसबाइतकेच ग्लूटेनलाही आहे. लांब पोळीत यीस्ट नसते, पण जिची कणीक लांब पोळीला चांगली लागते, तिला पावाचा उंडा ओळखणे कठीण जाऊ नये.

ग्लूटेन डोळ्यांनीही पाहता येते. मूठभर पीठ घट्ट भिजवून अर्धा तास ठेवावे व नंतर तो गोळा पाण्याच्या बारीक धारेखाली हळूहळू चोळावा. पांढरे पिष्ट वाहून जाते आणि शेवटी हातात रबरासारखा पिवळसर गोळा उरतो. तेच ग्लूटेन होय. दोन वेगवेगळ्या गव्हांचे पीठ सारख्या वजनाने घेऊन हा प्रयोग केल्यास कोणता गहू पावास योग्य, हे तेथल्या तेथे कळते. ज्याचा गोळा मोठा, ताणणारा व सोडल्यावर आवळणारा, तो गहू श्रेष्ठ.

तिंबण्याचे आणखी एक प्रयोजन आहे. यीस्ट नवे बुडबुडे निर्माण करीत नाही. वायू प्रथम उंड्यातील पाण्यात विरघळतो आणि मग तिंबताना पिठात शिरलेल्या हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांत जाऊन त्यांना मोठे करतो. तिंबण्यात आळस केला तर बुडबुडे थोडे व मोठे राहतात आणि पावाची जाळी ओबडधोबड होते.

कोंड्यासह दळलेल्या पिठाचा पाव मैद्याच्या पावापेक्षा कमी फुगतो, कारण कोंड्याचे धारदार कण या जाळ्यास छेद देतात. तो पाव आरोग्यास हितकर आहे. मात्र त्यास पाणी थोडे अधिक लागते व मैद्याएवढ्या उंचीची अपेक्षा धरू नये.

भट्टीत काय घडते?

उंडा भट्टीत गेल्यावर पहिल्या काही मिनिटांत तो एकदम वर येतो. ऊब वाढल्याने यीस्ट अखेरचे जोराने काम करते, आतील वायू प्रसरण पावतो आणि मद्यार्क व पाणी यांची वाफ होते. ५५ ते ६० अंशांच्या सुमारास यीस्ट मरते. त्यापुढे पिष्ट पाणी शोषून फुगते, ७० अंशांच्या वर ग्लूटेन घट्ट होते आणि फुग्यांचे जाळे कायमचे बसते. पावाचे अंतरंग ९५ अंशांच्या पुढे गेले म्हणजे तो भाजला असे समजावे. मद्यार्क बव्हंशी उडून जातो. वरचा तांबूस रंग व खमंग वास हा साखर व प्रथिने यांच्या उष्णतेतील संयोगाचा परिणाम आहे.

यावरून एक गोष्ट निश्चित होते. उंडा भट्टीत घालण्याची वेळ साधणे हेच या धंद्याचे मर्म आहे. वायू भरपूर झालेला असावा, पण ग्लूटेनचे पडदे अद्याप सशक्त असावेत. वेळ टळली की पडदे ताणून क्षीण होतात, फुटतात आणि उंडा बसतो.

नागपूरचा उन्हाळा व पाण्याचे गणित

ही वेळ ठरविणारी मुख्य गोष्ट तापमान होय. पावाच्या उंड्यास २६ ते २८ अंश तापमान मानवते. तापमान दहा अंशांनी वाढले की यीस्टच्या कामाचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून २७ अंशांवर जो उंडा दीड तासात तयार होतो, तो ३७ अंशांवर पाऊण तासातच तयार होतो. शिवाय अधिक उष्णतेत आंबटपणा आणणारे जंतूही बळावतात. मे महिन्यात मिहान परिसरात दुपारचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा हवेत घड्याळ हिवाळ्याचे ठेवून चालणाऱ्याचा पाव बसला तर नवल नाही.

पिठाचे व खोलीचे तापमान आपल्या हाती नसते, परंतु पाण्याचे असते. त्यासाठी साधा हिशेब आहे. उंड्याचे इष्ट तापमान दुप्पट करावे व त्यातून पिठाचे तापमान वजा करावे. जो आकडा येईल तितक्या अंशांचे पाणी वापरावे. समजा, उन्हाळ्यात पिठाचे तापमान ३८ अंश आहे. २७ ची दुप्पट ५४. त्यातून ३८ गेले, उरले १६. म्हणजे पाणी १६ अंशांचे हवे. दहा किलो मैद्यास सुमारे सहा लिटर पाणी लागते असे धरू. ते पाणी ३० अंशांचे असेल, तर त्यात सुमारे पाऊण किलो स्वच्छ, खाण्याचा बर्फ विरघळवून ते १६ अंशांवर आणता येते. बर्फाचे हे वजन सहा लिटरांतच धरावे, अन्यथा उंडा सैल होईल. उलट हिवाळ्यात पीठ १८ अंशांचे असेल, तर पाणी ३६ अंशांचे, म्हणजे कोमट, घ्यावे. ४० अंशांहून गरम पाणी यीस्टवर कधीही ओतू नये. या कामासाठी एक साधा तापमापक पुरेसा आहे, आणि त्याची किंमत एका वाया गेलेल्या खेपेत भरून निघते.

उन्हाळ्यात पुढील काळजीही घ्यावी. पहाटे, हवा थंड असताना कणीक भिजवावी. पीठ पत्र्याच्या छपराखाली न ठेवता थंड खोलीत ठेवावे. दहा किलो मैद्यास हिवाळ्यात सुमारे १०० ग्रॅम सुके यीस्ट लागत असेल, तर उन्हाळ्यात ते ५० ते ७५ ग्रॅमवर आणावे. मीठ १८० ते २०० ग्रॅम घालावे. मीठ केवळ चवीसाठी नाही. ते ग्लूटेनला बळकटी देते व यीस्टला आवर घालते. मात्र मीठ व यीस्ट एकमेकांवर थेट टाकू नये, ती पिठात वेगवेगळी मिसळावी. विदर्भाची उन्हाळी हवा कोरडी असल्याने उघड्या उंड्यावर लवकर सुकी साल धरते आणि ती उंड्यास फुगू देत नाही. यास्तव उंडा ओल्या कापडाने झाकावा व कूलरच्या झोतात ठेवू नये. ताजे दाबलेले यीस्ट ४ अंशांच्या आसपास शीतपेटीत ठेवावे. सुक्या यीस्टचे पुडके फोडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात थंड जागी ठेवावे.

उंडा तयार झाला की नाही, हे घड्याळापेक्षा बोट अधिक चांगले सांगते. पिठात बुडविलेले बोट उंड्यात हलकेच दाबावे. खळगा चटकन भरून आला तर आणखी वेळ हवा. तो सावकाश व अर्धवट भरला तर उंडा तयार आहे. खळगा तसाच राहून आजूबाजूचा भाग खचू लागला तर वेळ टळली, असे जाणावे. असा उंडा साच्यात घालण्यापूर्वीचा असेल तर तो पुन्हा तिंबून, गोळे करून, थोडा वेळ वर येऊ द्यावा. बहुधा खेप वाचते.

चांगल्या पावाचा आरंभ शेतात

पावाचा अर्धा गुण भट्टीवर, तर अर्धा शेतात ठरतो. महाराष्ट्रात सरबती, बन्सी व खपली असे गव्हाचे तीन प्रकार पिकतात. पावास सरबती गहूच योग्य. सर्वत्र परिचित असलेला लोक-१ हा याच प्रकारातील होय. सरबती गव्हाच्या पेशीत ४२ गुणसूत्रे असतात, तर बन्सी व खपली यांच्या पेशीत २८. सरबतीमधील अधिकच्या गुणसूत्रांवरच पावास लागणाऱ्या लवचिक ग्लूटेनचे काही महत्त्वाचे गुण अवलंबून आहेत. बन्सी गव्हात प्रथिने भरपूर असली तरी त्याचे ग्लूटेन पावासाठी पुरेसे लवचिक नसते. त्याचा रवा व शेवया उत्तम होतात. म्हणून बन्सी गहू पावाच्या गिरणीकडे न नेता रवा-शेवयांच्या व्यवसायास द्यावा.

दाण्यातील प्रथिनांचे प्रमाण नत्रावर अवलंबून असते. नत्राचा दुसरा हप्ता चुकला तर दाण्यात प्रथिने कमी उतरतात. जमिनीत गंधकाची उणीव असल्यास ग्लूटेन दुबळे राहते, कारण त्याच्या धाग्यांना परस्परांशी जोडणारे दुवे गंधकाचेच असतात. यास्तव माती परीक्षण करूनच खते द्यावीत. पेरणी लांबली तर दाणे भरण्याच्या वेळी उष्णता वाढते व दाणा बारीक पडतो. सबब बागायती गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आटोपावी.

सर्वांत मोठा धोका अवकाळी पावसाचा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पक्व पीक भिजले तर ओंबीतच दाण्यास मोड येऊ लागतो. मोड येताना पिष्टाची साखर करणारी विकरे दाण्यात अतोनात वाढतात. अशा गव्हाच्या पिठाचा पाव आतून चिकट, ओलसर राहतो आणि कापताना सुरीला चिकटतो. भट्टीवालीने कितीही काळजी घेतली तरी हा दोष जात नाही. म्हणून भिजलेला गहू कोरड्या गव्हात कदापि मिसळू नये. तो वेगळा मळावा, वेगळा वाळवावा आणि वेगळा ठेवावा. एका पोत्याच्या मोहाने दहा पोत्यांचा भाव जातो.

धंद्यास प्रारंभ करण्यापूर्वी

लहान भट्टी सुरू करणाऱ्यांनी प्रथम एक किलो मैद्यावर सलग काही दिवस प्रयोग करावा. रोज पिठाचे, पाण्याचे व उंड्याचे तापमान, यीस्टचे वजन आणि लागलेला वेळ वहीत टिपून ठेवावा. वर्षाच्या तिन्ही ऋतूंतील अशी वही जवळ असली म्हणजे ती कोणत्याही शिकवणीपेक्षा अधिक उपयोगी पडते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी करून घेणे आवश्यक आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली होती. अशा योजनांविषयी चालू वर्षात काय लागू आहे, याची चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करावी आणि मगच कर्जाचा विचार करावा.

शेतकऱ्यास पीक कसे वाढते हे सांगावे लागत नाही. कोवळ्या रोपास कडक ऊन सोसत नाही, थंडीत वाढ मंदावते, अन्न संपले की पीक पिवळे पडते, हे तो लहानपणापासून पाहत आलेला असतो. परातीतला उंडा हेही तसेच एक पीक आहे. फरक इतकाच की त्याची पेरणी पहाटे होते व कापणी न्याहारीच्या आत करावी लागते. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या शेत सांभाळले, त्या घरास हे छोटे पीक सांभाळणे अवघड नाही. मात्र त्याकडे तितक्याच बारकाईने लक्ष दिले पाहिजे.